हाडाचा नट

एडवणात धर्मादादा चुरीचं नाव निघालं की माणसं माझ्याकडे बोट दाखवतात. "ह्या दामूनं त्याला नाटकातून उठवला," म्हणतात. माझं डोकं फिरतं. मी कोण कोणाला उठवणारा? मी फिटर माणूस. मी फक्त एक गिटार दुरुस्त करत होतो. आता तुम्ही विचारताच आहात तर सगळं सांगतो, पण मध्ये बोलू नका. मध्ये कोणी बोललं की माझं पुढचं मागे होतं.

धर्मादादाची पानवेलीची वाडी आमच्या घराला लागूनच. माणूस दिवसभर वाडीत. पाटाचं पाणी सोडायचं, पानं खुडायची, करंड्या भरायच्या. बोलणं बेताचं. पण वर्षातून एकदा, देवीच्या जत्रेला, आमच्या मंडळाचं नाटक व्हायचं, आणि त्या संध्याकाळी दादा कधी राजा, कधी सेनापती. हे बावीस वर्षं चाललं होतं. पहिल्या वर्षी मूळ नायकाला ताप भरला म्हणून ह्याला ढकलला होता पुढे, आणि मग तो तिथेच राहिला. आवाज असा, की त्याची आरोळी दातिवऱ्याच्या खाडीवर ऐकू जाते म्हणायचे. खाडी काय जवळ आहे होय? लोक काहीही म्हणतात. पण पुढे बसलेली तान्ही मुलं रडायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मंडळात कामं करणारे आठ-दहा जण होते. पण नुसतं "नट" म्हटलं की धर्मादादा. "नट आला का रे?" म्हणजे दादा आला का. "नटाला चहा द्या" म्हणजे दादाला द्या. बाकीच्यांना, मग तो देवू असो की आणखी कोणी, नावानं हाक मारायचे. हे एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचा घोळ कळेल.

साल सहासष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी तिथल्या वर्कशॉपात लागलो होतो. बोईसरला खोली घेतली होती, सवड मिळाली की घरी. तिथे परदेशी साहेबसुद्धा होते. त्यातला एक वेल्डर मायदेशी निघाला. त्याच्या ट्रंकेचं बिघडलेलं कुलूप मी नीट करून दिलं, तर त्यानं खूश होऊन आपली गिटारच माझ्या हातात ठेवली. विजेवर वाजणारी! जपानी बनावटीची, स्वस्तातली, लाल रंगाची, कोपऱ्यांचे टवके उडालेली. मी मंडळात मॅन्डोलिन वाजवायचो, तेव्हा मला वाटलं, तारा त्या तारा, त्यात काय एवढं!

त्या वर्षीचं नाटक दिनानाथमास्तरांनी लिहिलं होतं. मास्तर आमच्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळाचे सर्वेसर्वा. नाटक एका किल्लेदाराचं, आणि किल्लेदार अर्थातच दादा. गिटारीचं ऐकलं आणि मास्तर हट्टालाच पेटले. म्हणाले, "दामू, किल्ला पडतो तेव्हा हीच वाजली पाहिजे." मास्तरांचं सोडा, दादा तर वेडाच झाला. मी घरी गेलो की हजर. गिटारीला लांबूनच बघायचा, हात लावायचा नाही.

"विजेवर चालते?"

"हो दादा."

"आनी शॉक नाय बसत?"

शॉक कसला, वाजायचीच नाही धड! तारा दांड्यापासून एवढ्या उंच, की दाबताना बोटं सोलून निघायची. सूर लावावा आणि दोन मिनिटांत तो खाली घसरावा. लाऊडस्पीकरवाल्याच्या मशीनला जोडली तर गाण्यापेक्षा गुणगुण जास्त. चिडून मी ती बोईसरला परत नेली आणि ठरवलं, हिचे भाग बदलून हिला माणसात आणायची.

आता खरी फजिती. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात पास्कल लोपीस होता, वसईचा. घरी गिटार वाजवायचा. त्यानं आमची गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "लाकूड बरं आहे. बाकी चाव्या, पिकअप, ब्रिज आणि नट, सगळं बघावं लागेल." आणि कामाला निघून गेला. मी बसलो डोकं खाजवत. चाव्या कळल्या, तारा पिळायच्या त्या. ब्रिज म्हणजे पूल. पिकअप म्हणजे आमच्याकडे सिमेंट वाहणारी गाडी! गाडीचा आणि गिटारीचा काय संबंध? आणि नट असेल तर बोल्ट कुठाय? मी अर्धा दिवस त्या गिटारीत बोल्ट शोधला हो! मागची पट्टी उघडली, चार स्क्रू निघाले, बोल्ट एक नाही. दुसऱ्या दिवशी लोपीसला विचारलं तर तो पोट धरून हसला. माझा संताप झाला. म्हटलं, हस हस, तू माझ्याकडे गिअरबॉक्स उघडायला ये, मग मी हसतो.

पण पठ्ठ्यानं मग नीट समजावलं. तारांच्या खाली लोहचुंबकावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली डबी असते, तो पिकअप. तारा जिथे खालच्या अंगाला टेकतात तो ब्रिज. आणि वर, चाव्यांच्या अलीकडे, सहा खाचांची बोटभर पट्टी असते, तिच्यावरून तारा पुढे जातात, तिचं नाव नट. ना आटे, ना चाकी, नुसती पट्टी, आणि म्हणे नट!

मग मी लागलो. पिकअपची तार आत तुटत आली होती. बोईसरला मोटारी भरणारा एक वाइंडिंगवाला होता, त्याच्याकडून नवी तार भरून घेतली. केसासारखी तार, तो दोन दिवस श्वास रोखून बसला होता. गुणगुण का होते ते मला कळलं तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटली: अर्थिंगच नव्हतं! ब्रिजपासून एक वायर आत नेऊन सोल्डरचा डाग दिला, गुणगुण निम्मी झाली. ब्रिज पत्र्याचा होता, खडखडायचा. वर्कशॉपातल्या पितळेच्या तुकड्याचा नवा घासून बसवला. दांडा जिथे स्क्रूनं जोडलेला असतो तिथे सिगारेटच्या पाकिटाची घडी घालून तो जरा कलता केला, तारा खाली आल्या. चाव्यांची चाकं घसरत होती, त्यांचे स्क्रू बदलले. आवाजाचं बटण रेडिओचं घातलं. एवढं सगळं करून वाजवली, आणि तरी सूर उतरायचा! वरची तार झणझण करायची ती करायचीच.

लोपीस म्हणाला, "नट. प्लास्टिकचा आहे, खाचा झिजल्यात. हाडाचा बसव."

"हाडाचा?"

"हो. म्हशीच्या हाडाचा. चांगल्या गिटारीला हाडाचाच नट असतो."

हाड आणणार कुठून? मला आठवलं, मास्तरांच्या ओळखी फार. कोणाकडे हाडाची फणी, सुरीची मूठ, काहीतरी असेल. त्या महिन्यात आम्हाला रविवारचीसुद्धा सुट्टी नव्हती, म्हणून मी चिठ्ठी लिहिली. आमच्या गावची गोजराबाई सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात यायची, तिच्या हातात दिली. वर नाव घालायचं राहिलं. घाई होती, भोंगा झाला होता. तोंडानं सांगितलं, "मंडळात दे." आता गोजराबाईला अक्षर वाचता येत नाही, आणि तिच्या लेखी मंडळ म्हणजे कोण? धर्मादादा! तिनं सरळ वाडीत जाऊन त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली.

चिठ्ठी मला आजही पाठ आहे. ऐका.

"मास्तरांना नमस्कार. बाकी सगळं जमलं, पण नट अगदीच कुचकामी निघाला. वरून बरा दिसतो, आतून पार झिजला आहे. त्याच्यामुळेच सूर लागत नाही. इतके दिवस चालवून घेतलं, पण जत्रेला असा चालणार नाही, काढूनच टाकू. हाडाचा नट पाहिजे. तुमच्या पाहण्यात कुठे असेल तर कळवा. धर्मादादाला इतक्यात काही बोलू नका. आपला, दामू."

दादाला बोलू नका हे कशासाठी? तर तो दर खेपेला "झाली का, झाली का" करून जीव खायचा, आणि मला गिटार एकदम वाजवून त्याला चकित करायचं होतं. मनात दुसरं काही नव्हतं. देवीशपथ नव्हतं.

मी तिकडे मास्तरांच्या उत्तराची वाट बघतोय. एक आठवडा, दोन आठवडे. मास्तर गप्प. मला वाटलं, माझ्यावर रुसले की काय? शेवटी लोपीसनंच त्याच्या आजोबांच्या जुन्या वस्तऱ्याची हाडाची मूठ आणून दिली. ती कापली, घासली, सहा खाचा पाडल्या, तारांना बसतील अशा. हाड घासताना असा वास सुटतो की शेजारचे भांडायला आले. पण बसवला, तारा चढवल्या, आणि काय सांगू! गिटार गायला लागली. सकाळी लावलेला सूर संध्याकाळी जागच्या जागी. मी एकटाच खोलीत हसत होतो.

आणि लगेचच्या रविवारी सकाळी, कशीबशी सुट्टी मिळाली होती, तर दारात रखमावहिनी. दादाची बायको. एडवणहून पालघर, पालघरहून बोईसर, एकटी आली होती. ह्या बाईनं बोईसर कधी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, बसा." बसली नाही. पदराची गाठ सोडून तिनं चिठ्ठी काढली.

"ही तूच लिवलीस?"

"हो, मास्तरांना. तुमच्याकडे कशी आली?"

"वाच. मोठ्यानं वाच, मला आयकायची हाय तुज्या तोंडून."

मी वाचायला लागलो. "नट अगदीच कुचकामी निघाला" इथपर्यंत आलो आणि तेव्हा कुठे उजेड पडला. खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात तो दुसरा नट आलाच नव्हता! महिनाभर मी नट नट नट करत होतो, झोपेतही तीच पट्टी दिसत होती. एकेक ओळ पुढे वाचत गेलो आणि प्रत्येक ओळ पहिलीपेक्षा वाईट. आतून झिजला आहे. काढूनच टाकू. हाडाचा नट पाहिजे. आणि वर, धर्मादादाला बोलू नका!

"बावीस वरसं त्यानं तुमच्यासाठी घसा फोडला," वहिनी म्हणाली. "मास्तरांना जाऊन सांगून आला, माजं काम देवूला द्या. का, ते नाय सांगितलं. आठ दिवस जेवला नाय माणूस. आता जेवतो, पन बोलत नाय. वाडीतच असतो. शेजारी राहून तू असा निघालास, दामू?"

मी गिटार उचलून तिच्यापुढे धरली, "हा बघा नट, हा!" असं ओरडलो. तिला वाटलं, मला वेड लागलं. पाच वेळा समजावलं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं, आणि मग ती कॉटवर मटकन बसली. हसावं की रडावं हे तिला कळेना, तर तिनं मला शिव्या दिल्या. चांगल्या, खणखणीत. मी घेतल्या मुकाट्यानं. मग गिटार पाठीला मारली आणि आम्ही दोघं मिळेल त्या गाडीनं एडवणला निघालो. वाटेत मी सारखा देवीला म्हणत होतो, एवढ्या वेळी निभाव. जत्रेला बारा दिवस होते. दादा किल्लेदार झाला नाही तर मी गावात तोंड कसं दाखवू?

दुपार कलली होती. दादा वाडीत पाटाचं पाणी वळवत होता, पाय चिखलात. मी गेलो तो थेट पायच धरायला. तो मागे सरला. "आरं, चिखल हाय, चिखल हाय."

मी गिटार त्याच्यासमोर आडवी धरली आणि बोट ठेवलं. "दादा, नट. ह्याला नट म्हणतात. प्लास्टिकचा होता, झिजला होता. हा नवा, म्हशीच्या हाडाचा. चिठ्ठी ह्याची होती. तुझी नव्हती. तुझी नव्हती रे!"

दादानं हात धोतराला पुसले. वाकून त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिला. पहिल्यांदाच गिटारीला हात लावला, त्या पट्टीवर नख फिरवलं. "ह्याला नट म्हनतात?"

"हो."

"कोन म्हनतं?"

"सगळं जग म्हणतं दादा! लोपीसला विचार!"

मग तो हसायला लागला. इतका हसला की पाटाच्या कडेवरच बसला. रखमावहिनी हसली, मी हसलो. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हटलं, सुटलो! डोळे पुसत मी म्हणालो, "मग चल आता. मास्तरांकडे जाऊ. देवूला सांगू, बाबा, उतर किल्ल्यावरून."

दादाचं हसणं थांबलं. तो उठला नाही.

"दामू, एक सांगू? रागावशील."

"सांग ना."

"चिट्टी वाचली तवा लय लागलं. घास उतरंना. वाटलं, ह्या दाम्यानं, शेजारच्यानं..." मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "पन नवव्या दिवशी सकाळी पानी सोडत होतो, आनी ध्यानात आलं, का मी गानं म्हनतोय. मीच. पोटात गोळा नाय. जत्रा जवळ आली का दर साली माज्या पोटात गोळा येतो. पडदा वर जायच्या आदी मी मागं जाऊन ओकतो. बावीस वरसं. हिला बी नाय म्हाईत."

वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

"मग करायचास कशाला?" मी ओरडलोच. खरंच ओरडलो, कारण मला काहीच कळेनासं झालं होतं. "सांगायचं ना!"

"कोनाला सांगू? समदा गाव नट नट म्हनतो. नट कवा भितो का?" त्यानं एक ढेकूळ उचलून पाटाच्या तोंडाशी ठेवलं, पाणी दुसरीकडे वळलं. "मी वाट बगत होतो, कोनीतरी म्हनावं, धर्मा, आता बस. कोनी म्हनलं नाय. तू म्हनलास."

"मी कुठे म्हटलं? मी गिटारीबद्दल..."

"कळलं रे, कळलं."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की सगळं जागेवर येईल. आता खरं सांगून मी त्याचं भलं केलं की वाटोळं केलं, हेच समजेना. वहिनीकडे बघितलं, तर ती पाटात उतरून त्याच्या शेजारी उभी राहिली होती, लुगडं भिजतंय ह्याचं तिला भान नव्हतं.

"मास्तरांना मी काय सांगू?" मी विचारलं. "ते विचारणार. चिठ्ठीचं आता गावभर होणार. काय सांगू मी?"

दादानं फावडं उचललं.

"सांग, चिट्टी बरोबर होती."

जत्रेला देवूनं काम केलं. बरं केलं, दोनदा अडखळला, मास्तरांनी आतून वाक्यं पुरवली. किल्ला पडला तेव्हा मी गिटार वाजवली, सूर कुठे हलला नाही. पण माझं लक्ष समोर होतं. पहिल्या रांगेत चटईवर धर्मादादा बसला होता, मांडी घालून, पान चघळत. बाजूला रखमावहिनी. पडदा पडला तशी ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता परत शिव्या.

"दामू," ती म्हणाली, "लगीन झाल्यापासून दर साली मी ह्या चटईवर एकटी बसते. आज माजा माणूस माज्या बाजूला होता." आणि तिथेच, माणसांच्या गर्दीत, ती हुंदके देऊन रडायला लागली.